खटला एकाचा, झडती सर्वांची

वांद्र्यातील एका इमारतीत १६ जानेवारी २०२५ रोजी पहाटे चित्रपट अभिनेते सैफ अली खान यांच्यावर चाकूने हल्ला झाला आणि तिसऱ्या दिवशी ठाण्यातून एका तरुणास अटक झाली. चोरीच्या इराद्याने घरात शिरणे आणि अडविणाऱ्यावर शस्त्र चालविणे हा गुन्हा मुंबईस नवा नाही. त्याचा तपास कसा करावा आणि खटला कसा चालवावा, हे तेथील पोलिसांस व न्यायालयांस कोणी शिकवावयास नको. परंतु आरोपी हा बांगलादेशचा नागरिक असून चोरवाटेने सीमा ओलांडून आला आहे असे पोलिसांनी जाहीर केले मात्र, आणि त्या घटकेपासून चाकू मागे पडला व सीमा पुढे आली. आदल्या दिवसापर्यंत जे राज्याच्या गृहखात्यास मुंबईच्या सुरक्षिततेचा जाब विचारीत होते ते केंद्रास सीमेचा जाब विचारू लागले, आणि ज्यांना उत्तर सुचत नव्हते त्यांना ते आयते सापडले. राज्याच्या एका मंत्र्यांनी तर हल्ला खरा की अभिनय, अशी शंका जाहीर सभेत बोलून दाखविली! आपल्याच सरकारच्या पोलिसांनी ज्या गुन्ह्याबद्दल एकास गजाआड केले तो गुन्हा घडला की नाही याविषयीच मंत्र्यांनी संशय घ्यावा, यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता आम्हास वाटत नाही.

या गदारोळात एक गोष्ट बहुतेकांच्या स्मरणातून गेली. ठाण्यातील अटकेच्या आदल्याच दिवशी, केवळ छायाचित्रातील साम्यावरून, एका प्रवासी तरुणास दुर्गच्या रेल्वे स्थानकावर उतरवून घेण्यात आले होते. त्याचा या गुन्ह्याशी काडीचाही संबंध नव्हता आणि त्यास सोडूनही देण्यात आले. परंतु तेवढ्या अवधीत त्याचे चित्र देशभर फिरले होते. आपली नोकरी गेली व ठरलेले लग्न मोडले, असे त्याने पुढे वृत्तपत्रांस सांगितले. तो भारतीयच होता, म्हणून निदान त्यास घरी परतता आले. तो बंगाली बोलणारा असता आणि त्याच्या खिशात पुरेसे कागद नसते, तर त्याची सुटका इतक्या लवकर झाली असती काय, हा प्रश्न आम्हास गेल्या वर्षातील घटना पाहून पडतो.

एखाद्याने गुन्हा केला की नाही, आणि तो या देशाचा नागरिक आहे की नाही, हे दोन प्रश्न मुळातच भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर फौजदारी न्यायालयाने द्यावयाचे असते आणि तेथे पुराव्याचा भार सरकारपक्षावर असतो. आरोपीने गप्प बसावे म्हटले तरी चालते. दुसऱ्या प्रश्नात सारेच उलटे आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या नवव्या कलमाने आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन नवा कायदा आला, तरी हा भार जेथल्या तेथेच राहिला आहे. सीमेपलीकडून कोण कसा आला याचे ज्ञान शासनापेक्षा येणाऱ्यासच अधिक असते, हे त्यामागील तत्त्व आहे व ते अगदीच गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु असा विलक्षण भार जेथे नागरिकावर पडतो तेथे चौकशी तितकीच शांतपणे व्हावयास हवी. एखाद्या गाजलेल्या खटल्याने पेटलेला लोकक्षोभ या दुसऱ्या चौकशीत शिरला म्हणजे ती शांतता उरत नाही, आणि त्याची किंमत आरोपी देत नाही. ती भलताच कोणी देतो.

अमेरिकेत हे नाटक आपल्याआधी व अधिक मोठ्या रंगमंचावर झाले आहे. २०१५ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर एक तरुणी गोळी लागून मरण पावली. ज्याच्या हातून गोळी सुटली तो अनेकवार हद्दपार होऊन परत आलेला मनुष्य होता. डोनाल्ड ट्रंप यांनी आपल्या पहिल्या अध्यक्षीय प्रचारात हा विषय घरोघर नेला. २०१७ च्या नोव्हेंबरात ज्यूरीने त्या मनुष्यास खुनाच्या आरोपातून मुक्त केले. परंतु राजकारणाच्या न्यायालयात निकाल दोन वर्षे आधीच लागून चुकला होता. पुढे २२ फेब्रुवारी २०२४ रोजी जॉर्जिया राज्यात लेकन रायली या परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीचा खून झाला. आरोपी व्हेनेझुएलातून २०२२ मध्ये बेकायदा आलेला होता. दोन आठवडे उलटले न उलटले तोच अध्यक्ष बायडेन काँग्रेसपुढे वार्षिक भाषण करीत असता विरोधी सदस्यांनी त्या मुलीचे नाव पुकारून त्यांना ते उच्चारावयास लावले. बायडेन यांनी आरोपीस ‘बेकायदा’ म्हटले म्हणून त्यांच्याच पक्षाचे लोक रुसले, आणि अध्यक्षांनी त्या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला म्हणून विरोधकांनी पुन्हा गिल्ला केला. एका मुलीच्या मृत्यूपेक्षा एका विशेषणाची चर्चा अधिक झाली.

तेथील न्यायालयाने मात्र आपले काम नऊ महिन्यांत पुरे केले. २० नोव्हेंबर २०२४ रोजी आरोपी दोषी ठरला व त्यास मरेपर्यंत कारावास झाला. यावर कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्या मुलीच्या नावे जो कायदा २९ जानेवारी २०२५ रोजी झाला, व ज्यास सिनेटमधील बारा डेमोक्रॅट सदस्यांनीही मत दिले, त्याचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. बेकायदा आलेल्या व्यक्तीवर चोरी, घरफोडी, इतकेच काय दुकानातून वस्तू उचलल्याचा नुसता आरोप आला वा अटक झाली, तरी तीस डांबून ठेवणे शासनावर बंधनकारक करण्यात आले. दोष सिद्ध होण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. ज्या खुनावरून हा कायदा झाला त्यातील अपराध्यास शिक्षा देण्यास जुनाच कायदा पुरेसा ठरला होता. नवा कायदा लागू झाला तो ज्यांनी खून केलेला नाही अशांना.

त्या सहीनंतर आठवडाभरातच, ५ फेब्रुवारी २०२५ रोजी, अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांस घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातीलही तिघे होते. प्रवासात पुरुषांच्या हातापायांत बेड्या होत्या हे कळताच आपल्या देशात संतापाची लाट उसळली, आणि ती उसळावयासच हवी होती. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत निवेदन केले की अशी हकालपट्टी २००९ पासून चालत आली आहे, बेड्यांची पद्धतही २०१२ पासूनची आहे, आणि बेकायदा गेलेल्या आपल्या नागरिकांस परत घेणे हे प्रत्येक राष्ट्राचे कर्तव्य आहे. निवेदन खरे होते. तथापि जे वाचक त्या दिवशी बेड्यांची चित्रे पाहून व्यथित झाले, त्यांपैकी कित्येकांनी तीनच आठवड्यांपूर्वी ठाण्यातील अटकेनंतर ‘सगळ्यांना उचला आणि फेका’ असेही म्हटले असेल. आम्ही त्यांस दोष देत नाही. आपला मनुष्य बेड्यांत दिसला की तो गरिबीने घराबाहेर पडला होता हे आठवते. दुसऱ्याचा दिसला की तो आठवत नाही, एवढाच मनुष्यस्वभाव येथे आहे. शासनाने मात्र मनुष्यस्वभावावर चालावयाचे नसते.

महाराष्ट्रात पुढे काय झाले? केंद्रीय गृहखात्याने मे २०२५ मध्ये संशयित बांगलादेशी व म्यानमारच्या नागरिकांची छाननी तीस दिवसांत उरकण्यास राज्यांस सांगितले. जूनमध्ये मुंबई व तिच्या उपनगरांत गवंडीकाम व मजुरी करणाऱ्या काही बंगाली मुसलमानांस पोलिसांनी धरले, सीमा सुरक्षा दलाच्या हवाली केले आणि रात्रीच्या अंधारात त्यांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले. हे लोक मुर्शिदाबाद व वर्धमान जिल्ह्यांचे, म्हणजे भारताचे नागरिक निघाले. पश्चिम बंगालच्या शासनाने कागद पुढे केले, दोन्हीकडच्या सीमादलांची बैठक झाली, तेव्हा ते परत आले. दिल्लीत तर बीरभूम जिल्ह्यातील एका गर्भवती स्त्रीस कुटुंबासह असेच पलीकडे पाठविण्यात आले होते. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्या सर्वांस परत आणण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण गेल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये ती आपल्या मुलासह मायदेशी परतली. या मंडळींवर कोणताही खटला चालला नव्हता. त्यांना हाकलून देणारा न्यायालयाचा लेखी हुकूम नव्हता. त्यांनी कोणावर चाकूही उगारलेला नव्हता.

हे प्रथमच घडत आहे असेही नव्हे. १९९८ च्या जुलैमध्ये, मनोहर जोशी मुख्यमंत्री असता, मुंबईतील जरीकाम करणाऱ्या बंगाली कारागिरांस बांगलादेशी ठरवून कुर्ला–हावडा गाडीने सीमेकडे रवाना करण्यात आले. उलुबेडिया येथे लोकांनी गाडी अडवून त्यांना सोडविले आणि त्यावरून महाराष्ट्र व बंगाल या दोन राज्यांत कित्येक दिवस वाग्युद्ध चालले. मुंबईतून जे धरले गेले त्यांत खरे बांगलादेशी किती व बंगालचे किती, याचा निवाडा त्या धांदलीत झाला नाही. पंचवीस-सत्तावीस वर्षांत शासने बदलली, यंत्रे आली, बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची नोंद झाली. पण भाषेवरून व नावावरून परकीय ओळखण्याची रीत तशीच राहिली.

आता कोणी विचारील की, हे सारे मुंबईचे, दिल्लीचे व बंगालचे झाले. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीच्या माणसाने याची चिंता का करावी? तिला ना आंतरराष्ट्रीय सीमा, ना विमानतळ. पण या वादाचा खरा भार पडणार आहे तो कळमनुरीसारख्या तालुक्यांवरच, असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण कागद हे आहे.

जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी असे १९६९ चा कायदा सांगतो. वर्षाहून अधिक उशीर झाल्यास पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत व त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. लोकांची सोय व्हावी हा त्यामागील हेतू होता. परंतु मालेगाव येथे अशा उशिराच्या दाखल्यांतून बांगलादेशी व रोहिंग्यांस जन्म प्रमाणपत्रे मिळाल्याचा आरोप झाला, जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे वांद्र्याच्या घटनेच्याच महिन्यात, विशेष तपास पथक नेमले गेले, आणि राज्यभर उशिराचे दाखले देण्याचे काम थांबविण्यात आले. मार्चमध्ये नवी व कडक कार्यपद्धती आली. खोटे कागद जोडले गेले असतील तर त्याबद्दल गुन्हे नोंदलेच पाहिजेत. मात्र खोटा कागद जोडणारा प्रत्येक जण परदेशी असतो, हे अनुमान आम्हास मान्य नाही. तहसीलाच्या आवारात झाडाखाली बसणाऱ्या दलालाने ‘हाही एक जोडून देतो’ म्हटले आणि अंगठेबहाद्दराने मान डोलावली, असे प्रकार आमच्याकडे नित्याचे आहेत. (तो दलाल मात्र आजतागायत क्वचितच कोणास सापडतो!)

कयाधू आणि पैनगंगा यांच्या खोऱ्यांतील या तालुक्यातून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायकोचा एक कोयता धरून मुकादम उचल देतो, आणि पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या हद्दीतील कोपी हेच घर होते. त्या कोपीवर जन्मलेल्या मुलाची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीने ठेवावी? कारखान्याच्या गावाला ते मूल आपले वाटत नाही, आणि कळमनुरीच्या गावास ते जन्मल्याचे चैत्रात कळते. इसापूरच्या धरणाखाली ज्यांची गावठाणे गेली त्यांचे जुने कागदही बरेचसे गावाबरोबरच गेले. ज्यांचा बाप वा आजा निजामाच्या राज्यात जन्मला त्यांची नोंद असलीच तर उर्दूत आहे, आणि ती वाचणारा आज तालुक्याच्या ठिकाणी मिळणे कठीण झाले आहे.

मराठवाड्याने हे कागदाचे दारिद्र्य नुकतेच अनुभवले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधण्यास आरंभ केला, तेव्हा तहसीलांतील दप्तरखाने उघडले गेले, मोडी व उर्दू जाणणारे धुंडाळून आणले गेले, आणि घराघरांतून आजोबा-पणजोबांच्या नावाचा कागद शोधण्याची एकच धांदल उडाली. कित्येकांस तो सापडला नाही. तेव्हा कागद नाही म्हणून मनुष्य खोटा ठरत नाही, असे बहुतेक सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी उच्चरवाने सांगितले, आणि शेवटी २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेण्याचा निर्णय केला. त्या निर्णयाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु जात सिद्ध करताना जो समजूतदारपणा दाखविला गेला, तो नागरिकत्व सिद्ध करताना त्याच गावातील शेख वा पठाण आडनावाच्या मजुरास मिळेल काय? मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले की आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानेच ठरते. कायद्याच्या दृष्टीने हे निर्विवाद आहे. पण त्या कायद्यानुसार १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यास स्वतःच्या जन्मापाशी थांबता येत नाही. आई-बापांपैकी एकाचे तरी नागरिकत्व दाखवावे लागते. म्हणजे मुलाने पुण्याच्या वा मुंबईच्या बांधकामावर आपले आधार दाखविले, ते पुरेसे नाही असे त्यास सांगण्यात आले, की त्याने कळमनुरीस परतून घरीच जन्मलेल्या आपल्या आईच्या जन्माचा पुरावा शोधावयाचा!

आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकी काहींनी ‘मुलकी’ हा शब्द घरात ऐकलेला असेल. हैदराबाद राज्यात सरकारी नोकरी हवी तर आपण राज्यात जन्मलो वा पंधरा वर्षे येथेच राहिलो, हे दाखवावे लागे. मुलकी व गैरमुलकी या वादाने १९५२ मध्ये हैदराबाद शहरात रक्तही सांडले. त्याआधी, १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, संस्थानातील अरब व पठाणांस परकीय म्हणून बाहेर पाठविण्याचा प्रयत्न झाला. रझाकारी अत्याचारांच्या ताज्या आठवणींमुळे त्या वेळी त्यांच्याविषयी कोणास सहानुभूती वाटण्याचे कारण नव्हते. परंतु यादी करू लागल्यावर असे दिसले की त्यांतील अनेक जण हैदराबादेतच जन्मलेले होते, त्यांच्या बायका येथल्या होत्या, आणि ज्या मुलुखात त्यांना धाडावयाचे तेथील सरकारे त्यांना आपले मानीत नव्हती. क्षोभ ओसरला तेव्हा त्यांपैकी पुष्कळ येथेच राहिले. लोकक्षोभाने सोपी वाटलेली गोष्ट नोंदवहीपाशी येऊन कशी अडते, हे मराठवाड्याने पाऊणशे वर्षांपूर्वीच पाहिलेले आहे.

घुसखोरी होतच नाही, असे म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. बांगलादेशची सीमा चार हजार किलोमीटरांहून लांब आहे, तिच्यातून माणसे येतात, त्यांना आणणारे दलाल आहेत, त्यांना बनावट ओळख करून देणारे आहेत आणि स्वस्त मजुरीपायी त्यांना कामावर ठेवणारे कंत्राटदारही आहेत. बेकायदा आलेल्यास परत पाठविण्याचा अधिकार सार्वभौम राष्ट्रास नसेल तर कोणास असेल? या प्रश्नाचा उच्चार करताच समोरच्यास जातीयवादी ठरविणारे पुढारी त्या मजुराचे भले करीत नाहीत. उलट जे ओरडून बोलतात त्यांच्या हाती ते सारे मैदान सोडून देतात. परंतु वांद्र्याच्या खटल्यात मुंबई पोलिसांनी एप्रिल २०२५ मध्ये हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र सादर केले. एका मनुष्याने एका रात्री काय केले हे सिद्ध करण्यास इतकी पाने लागतात आणि तो त्यास आव्हानही देऊ शकतो. ज्यास देशाबाहेर घालवावयाचे, त्याच्यासाठी निदान एक पान तरी असावे, त्यावर कारण लिहिलेले असावे, ते त्याच्या हाती पडावे, आणि त्याच्या गावच्या तहसीलदाराकडून उत्तर येईपर्यंत त्यास सीमेकडे नेऊ नये, एवढीच मागणी आम्ही करीत आहोत. मुर्शिदाबादच्या त्या गवंड्यांबाबत एक दूरध्वनी केला असता तर पुढची सारी नामुष्की टळली असती.

आणि ते उत्तर येण्यासाठी तहसीलाच्या दप्तरात काही तरी असावयास हवे. कुणबी नोंदींकरिता जे दप्तरखाने उघडले, जे उर्दू व मोडीचे वाचक जमविले, ते काम एका जातीच्या दाखल्यापुरते संपवून पुन्हा कुलूप लावण्याचे कारण आम्हास दिसत नाही. जन्ममृत्यूची, शाळाप्रवेशाची व खासऱ्यांची निजामकालीन पाने तीच आहेत. ती सर्वांसाठी वाचून, मराठीत उतरवून ठेवता येतील. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या कार्यक्षेत्रात जन्मलेल्या मुलांची नोंद कारखान्यानेच आठवड्याच्या आठवड्यास ग्रामपंचायतीकडे पाठवावी, असा साधा आदेश साखर आयुक्तांकरवी काढता येईल. त्यास विधिमंडळात नवा कायदा करण्याची गरज नाही. येत्या हंगामाच्या टोळ्या निघण्यापूर्वी हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कळमनुरीपासून याचा आरंभ करावा, अशी सूचना आम्ही करतो.